शब्द देणाऱ्यासाठी खूण

सोलापूर,
ता. २३ सप्टेंबर १९३४

प्रिय एस्तेर,

तुझं पत्र येऊन आज एकोणीस दिवस झाले. आई दुसऱ्याच टपालाने उत्तर धाडते, याची तुला सवय. म्हणून तू काळजीत असशील. माझी प्रकृती बरी आहे. तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही कागद फाडले, एवढंच. तुझं पत्र मात्र मला आता तोंडपाठ आहे. बायकांच्या वॉर्डात तुझी नेमणूक झाली, दवाखान्याच्या मागच्या माळावर उतरत्या दुपारी इंद्रधनुष्य पडलं, आणि त्याच रविवारी संध्याकाळच्या उपासनेत तू उभी राहून पहिल्यांदा साक्ष दिलीस. जलप्रलयानंतर देवाने नोहाला शब्द दिला आणि तो पाळला. तसाच माझ्या आईने एका मरत्या बाईला शब्द दिला आणि तो पाळला. त्या शब्दाची खूण म्हणजे मी स्वतः, असं तू म्हणालीस. ऐकताना बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. आणि आता तुमच्या मेट्रनबाईंना त्या दिवसाची सगळी हकिकत हवी आहे, म्हणून मी ती सविस्तर लिहून पाठवावी, असं तू मागितलं आहेस.

लिहिते. पण बाळ, हे पत्र मेट्रनबाईंना देण्याआधी एकटीने बसून पुरतं वाच.

इकडे सगळं ठीक आहे. पाऊस बरा झाला, रानं पेरणीला तयार आहेत. शाळेत या वर्षी बालवर्गात बेचाळीस मुलं आली. मिशनच्या मिससाहेब हिवाळ्यात कायमच्या मायदेशी जाणार, म्हणून त्यांची कपाटं आवरणं चाललं आहे. त्यात चित्रांची ती जुनी गुंडाळी सापडली. नोहा, तारू, कबुतर आणि वर सात रंगांची कमान. तू लहानपणी मला विचारायचीस की सगळे धडे तू घेतेस, मग हाच एक दुसऱ्या बाईंना का देतेस? मी खोकला आला म्हणायचे. दर पावसाळ्यात नेमका त्याच दिवशी मला खोकला यायचा. आणखीही एक गोष्ट तू विचारायचीस. दफनभूमीत आपल्या बाळाच्या मातीवर आपण फुलं ठेवायला जायचो, तेव्हा दिवाळीच्या सुमाराला तिथे वाळलेली बेलाची पानं आणि भस्माची बोटं दिसायची. "आई, आपल्या बाळाला बेल कोण वाहतं?" मी म्हणायचे, कुणीतरी जागा चुकत असेल. त्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

काशम्मा तुझी जन्मदाती, हे तुला ठाऊक आहे. ती भवानी पेठेत एका लांबट चाळीत राहायची. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता आणि ती घरी बसून सुताच्या कांड्या भरायची. मी आठवड्यातून दोनदा त्या चाळीत बायकांना वाचायला शिकवायला जायचे. बाकीच्या बायका मी गेल्यावर ओटा धुऊन काढायच्या. काशम्मानेही पहिल्यांदा धुतला, मग एक दिवस विसरली, मग धुतलाच नाही. वाचायला ती शिकली नाही, पण चित्रं बघायची तिला हौस. नोहाचं चित्र तिने किती वेळा उलगडायला लावलं असेल! मी तिला समजावलं की पाणी ओसरल्यावर देव म्हणाला, पुन्हा असा नाश करणार नाही; ढगात हे धनुष्य दिसलं की ते बघून मी माझा शब्द आठवेन. तिने चरख्यावरचा हात थांबवला आणि हसून म्हणाली, "बाई, तुमचा देव एवढा मोटा, त्यालाबी आटवनीला खूण लागतीय की! मग मानसाला किती लागंल?" मी शाळेत तो धडा सात वर्षं शिकवला होता. ही खूण शब्द घेणाऱ्यासाठी नाही, देणाऱ्यासाठी आहे, हे मला तिच्यामुळे कळलं.

अठरा सालच्या तापात ती चाळ निम्मी रिकामी झाली. तिचा नवरा आधी गेला. तिसऱ्या दिवशी मी गेले तर काशम्मा भिंतीला टेकून बसली होती, धाप लागलेली, आणि तू तिच्या मांडीवर चिकटून. तीन वर्षांची होतीस. तिने माझ्या हातचं पाणी प्यायलं आणि मग जे बोलली ते मी तुला आजवर सांगितलेलं नाही. तुला मी सांगत आले की ती म्हणाली, "हिला तुमची लेक म्हनून वाडवा." तिने असं म्हटलं नाही, एस्तेर. ती म्हणाली, "हिला माझ्या आईकडं पोचवा. अक्कलकोटाच्या अल्याड गाव हाय, टेसनावरनं दोन कोसावर. पार्वतम्मा म्हना, कुनीबी घर दावंल." मी म्हटलं, पोचवते. ती म्हणाली, "खूण करा." तेव्हा मी तिच्या डोळ्यांसमोर माझ्या पदराला गाठ मारली. गाठ बघून तिने डोळे मिटले. दुपारी ती गेली.

मी खरंच निघाले होते. हे स्वतःला सोडवून घेण्यासाठी सांगत नाही, जसं झालं तसं सांगते. पंधरा दिवसांनी, तुझा ताप पुरता उतरल्यावर, मिससाहेबांना सांगून तुला घेऊन सकाळीच स्टेशनवर गेले. अक्कलकोट रोडचं तिकीट काढलं. गाडीला उशीर होता. तू माझ्या मांडीवर झोपलीस आणि झोपेत माझा अंगठा मुठीत धरून "अव्वा" म्हणालीस. तुमच्यात आईला म्हणतात तसं. माझं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं होतं, नाव ठेवण्याच्याही आधी. त्यानंतर तीन वर्षांनी प्लेगात माझे यजमान, मास्तर, गेले. पाच वर्षांत मला त्या नात्याने कुणी हाक मारली नव्हती. खरं तर कधीच मारली नव्हती. गाडी आली. माणसं चढली, उतरली. मी बाकावरून उठले नाही. शिट्टी झाली आणि डबे एकामागून एक समोरून निघून गेले, तरी उठले नाही.

परत लगेच कंपाउंडात गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तो दिवस आपण सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी काढला. तुला शेंगा सोलून दिल्या, गूळ दिला. तू पाण्यात खडे टाकलेस आणि प्रत्येक खड्याला टाळ्या वाजवल्यास. माझ्या सबंध आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा दिवस होता, हे मी देवापासूनही लपवलेलं नाही. संध्याकाळी घरी येऊन मिससाहेबांना सांगितलं की गावी सगळे तापात गेले, घराला कुलूप आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि वहीत लिहिलं, नातेवाईक कुणी उरले नाहीत. पदराची गाठ मी कधी सोडली ते मला आठवत नाही. लुगडं धुताना केव्हातरी सुटली असेल, असं मनाला सांगत आले. ओली गाठ आपोआप सुटत नसते.

पुढच्या ईस्टरला तुझा बाप्तिस्मा झाला. तुझं नाव जगदेवी होतं. ते मी वहीतही लिहू दिलं नाही. तू कानडी बोलायचीस, मी मराठीत उत्तर द्यायचे. "अव्वा" म्हणालीस की हळूच "आई" म्हणून सुधारायचे. वर्षभरात तुझ्या तोंडून ती भाषा गेली. लोक म्हणायचे, सोजरबाईंनी पोर किती चटकन वळणावर आणली!

वीस साली, पावसाळा सरत आला असताना, एका दुपारी पार्वतम्मा आली. कपाळाला भस्म, पायांत धूळ, हातात कापडाची पिशवी. तिच्याही घरात दोन माणसं गेली होती, ती स्वतः महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली होती, आणि लेकीची बातमी तिला कुणीतरी फार उशिरा सांगितली. चाळीतल्या कुणीतरी तिला आपलं घर दाखवलं. पायरीखालूनच म्हणाली, "काशम्मा माझी लेक. तिचं पोर तुमी नेलं म्हनत्यात. कुटं हाय?" तू त्या वेळी शाळेत होतीस, पन्नास पावलांवर. तुमचं पाढे म्हणणं तिथवर ऐकू येत होतं. मला फक्त हात करून दाखवायचं होतं. मी म्हटलं, "आईच्या पाठोपाठ तीही गेली."

ती रडली नाही. विचारलं, "मातीत दिलं का? आमच्यात मातीत देत्यात." मी हो म्हटलं. "जागा दावा." एस्तेर, पहिलं खोटं माणूस बोलतं, पुढची खोटी स्वतःला त्याच्याकडून बोलवून घेतात. मी तिला दफनभूमीत नेलं आणि माझ्या बाळाची माती दाखवली. ती खाली बसली, हाताने लांबी मोजली आणि म्हणाली, "एवढीच जागा? पोर तीन वर्सांचं हुतं की." मी म्हटलं, "तापात फार सुकली होती." तेव्हा ती रडली. पिशवीतून भस्म काढून तिने मातीवर तीन बोटं ओढली. तुझ्यासाठी आणलेला खाऊ, भाजलेल्या ज्वारीचे दोन लाडू, तिथेच ठेवले. मी शेजारी उभी होते. तिला उठताना हात द्यावा असं वाटलं, पण मी दिला नाही. त्या हाताने तिला शिवायची मला लाज वाटली.

परतताना बारीक पाऊस आला आणि मागून ऊनही पडलं. कंपाउंडाच्या फाटकाशी आलो तर शाळा सुटली होती आणि तू धावत आलीस, केसांना लाल फीत, फ्रॉकला चिखल. गिरण्यांच्या धुराड्यांच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत धनुष्य पडलं होतं. तू बोट करून ओरडलीस, "बघ, बघ! देवाला आठवण झाली!" धडा तुम्हांला त्याच आठवड्यात झाला होता. पार्वतम्मा थबकली. तुझ्या गालांवरून हात फिरवून तिने कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली आणि कानडीत काहीतरी म्हणाली. तू माझ्याकडे बघितलंस. तुला काही कळलं नाही. मग तिने मराठीत मला विचारलं, "कुनाची पोर हाय?"

मी म्हटलं, "माझी."

"देवानं जपलीय," ती म्हणाली, आणि स्टेशनच्या वाटेने गेली. तू वर बघत होतीस. मला वर बघवलं नाही. तेव्हापासून मी धनुष्याकडे एकदाही डोळे भरून पाहिलेलं नाही. कुणी दाखवलं तर नजर झाडावर ठेवते. देव त्याचा शब्द आठवण्यासाठी ते टांगतो, आणि मला मात्र माझा आठवतो.

ती दर वर्षी येत होती. काशम्मा गेली त्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, दोन कोस चालून, गाडीने सोलापूरला येऊन, मातीवर बेल वाहून परत जायची. आपल्या दाराशी पुन्हा कधी आली नाही. मी तिला दोनदा लांबून पाहिलं आणि माघारी फिरले. मी तुला फुलं घेऊन न्यायचे ते चार दिवस थांबून, तिची फेरी होऊन गेल्यावर. आज बोलू, उद्या बोलू असं करत चौदा वर्षं गेली. आधी म्हणे तू लहान आहेस. मग म्हणे परीक्षा आहे. त्यातून एक घाणेरडी सबबही मी मनात जपून ठेवली होती, ती आज लिहूनच टाकते. मला वाटायचं, त्या घरात तू अक्षर शिकली नसतीस, चौदाव्या वर्षी उजवून मोकळे झाले असते. मी तुझं भलंच केलं. कदाचित ते खरंही असेल. पण काशम्माने मला तुझं भलं ठरवायला सांगितलं नव्हतं. पोचवायला सांगितलं होतं.

तुझ्या साक्षीचं पत्र आलं तेव्हा ते वाचून मी प्रथम सुखावले, हेही सांगते. शेजारी वाचून दाखवायला उठलेसुद्धा. दारापर्यंत गेले आणि पत्र घडी घालून परत ठेवलं. माझं खोटं आता तुझ्या तोंडून, देवाच्या घरात, पवित्र होऊन बाहेर पडलं होतं. पुढे कुणी ऐकेल, कुणी दुसऱ्याला सांगेल. त्या रविवारी मी पाळकसाहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं आणि रविवारशाळेचा वर्ग सोडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मला सांगून भागणार नाही. ती म्हातारी अजून आहे की गेली?"

ती आहे. गेल्या मंगळवारी मी गेले. अक्कलकोट रोडला उतरून चालत गेले. दोन कोस काही फार नाहीत, सोळा वर्षांपूर्वीही नव्हते. पार्वतम्मा आता सत्तरीच्या पुढे आहे, एका डोळ्याने मुळीच दिसत नाही, दुसऱ्याने सावलीएवढं दिसतं. मी अंगणातच बसले आणि उभ्या आयुष्यात जेवढं सरळ बोलले नव्हते तेवढं सरळ बोलले. तुझ्या गळ्यातलं लिंग, चांदीच्या डबीतलं, मी ट्रंकेच्या तळाशी कापसात गुंडाळून ठेवलं होतं. ते तिच्या ओंजळीत दिलं. तिने ते बोटांनी ओळखलं. डबीचा एक कान मोडका होता, तो चाचपला. मग तिने विचारलं, "मग मी चौदा वर्सं कुनाच्या मातीवर रडले?" मी सांगितलं, माझ्या बाळाच्या. ती म्हणाली, "त्याला नाव हुतं का?" नव्हतं, म्हटलं. "मी जगदेवी म्हनून हाक मारीत हुते त्याला," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

मी तिच्या पायांशी वाकले तर तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "तुमाला माप करायचं माझ्याच्यानं व्हत न्हाई. तुमचा देव करील तर करू द्या. त्या दिसी फाटकाशी पोर माझ्या हाताखाली हुती, बाई. ह्या हाताखाली." दोन्ही हात तिने माझ्यासमोर धरले. मी उठायला लागले तेव्हा तिनेच पुन्हा हाक मारली आणि विचारू लागली, तू उंच आहेस का, भाकरी खातेस का, काशम्मासारखी डावखुरी आहेस का. डावखुरी आहेस, असं सांगितल्यावर ती हसली. मग मला म्हणाली, "पाटवता का तिला? खरं सांगा." मी शब्द दिला नाही. माझा शब्द तिच्या दारात काय लायकीचा! "लिहिते," एवढंच म्हटलं.

म्हणून हे लिहिलं. पुढच्या महिन्यात तुला रजा मिळेल. कुर्डुवाडीला गाडी बदललीस की सोलापूर येईल. तिथे उतरू नकोस. तशीच पुढे अक्कलकोट रोडला जा. गावाची वाट स्टेशनात कुणीही सांगेल, आणि पार्वतम्माचं घर पिंपळापासून तिसरं. तिला कमी दिसतं, तेव्हा जवळ जाऊन बस आणि तिला तुझा चेहरा हातांनी बघू दे. कानडी येत नाही म्हणून लाजू नकोस; तो दोष माझा आहे हे तिला माहीत आहे. तिथे किती दिवस राहायचं, पुढे कुणाची म्हणून राहायचं आणि इकडे यायचं की नाही, हे तू ठरव. तू आली नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही, पत्र धाडलं नाहीस तरी देणार नाही. फक्त एक विनंती. सोलापूरला गाडी पाच-सात मिनिटं थांबते. तेवढ्यात खिडकीतून मला शोधू नकोस. मी स्टेशनवर येणार नाही. तू मला खिडकीत दिसलीस तर मी तुला उतरवून घेईन, एस्तेर. माझी मला पक्की खात्री आहे.

ज्या नात्यावर हक्क नाही तेच नातं अजून मनात धरून बसलेली,
तुझीच
सोजरबाई